सात रिकामी घरं

ती धून मी केलेली नाही.

हे एवढं वाक्य लिहायला मला पंचवीसहून जास्त वर्षं लागली, म्हणून ते आधी लिहून टाकलं. धुळ्यात आमच्या भागातले बँडवाले वरातीत एक धून वाजवतात, वाजवता वाजवता एकदम थांबतात, लोक एक टाळी देतात आणि धून पहिल्यापासून पुन्हा सुरू होते. तिला लोक 'सरांची धून' म्हणतात. सर म्हणजे मी. तर ती धून सरांची नाही. ती माझ्या धाकट्या भावजयीची आहे, आणि ती तिथे थांबत नाही.

माझ्या मुलाला हे लिहिणं पसंत नाही. "नाना, आता कोण विचारतंय? कशाला उकरून काढता?" असं तो म्हणाला. कोणीच विचारत नाही, हेच तर माझं दुखणं आहे. कोणी विचारलं असतं तर मी केव्हाच पकडला गेलो असतो. म्हणून मी उकरणार. ज्यांना म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं वाटतं, त्यांनी वाचणं इथेच थांबवावं. अर्ध्यावर थांबायची आमच्या घरात रीतच आहे.

आमचं गाव सोनगीरजवळ, पण वडील असतानाच आम्ही धुळ्याला आलो. पुढच्या खोलीत माझा टायपिंगचा क्लास होता. दहा मशिनं, भिंतीला लावलेला बोटांचा तक्ता, आणि सकाळपासून ए एस डी एफ, ए एस डी एफ. मागच्या खोल्यांत माझा संसार आणि धाकट्या भावाचा. भाऊ एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. माय दोन्ही चुलींवर हुकूम चालवायची. नव्वदचं दशक अर्धं सरलं, तेव्हा टायपिंगचे दिवस भरले हे मला कळलं आणि मी एक कॉम्प्युटर घेतला. त्याला धूळ लागू नये म्हणून क्लासच्या कोपऱ्यात प्लायवूडची खोली केली. देवळात आल्यासारखे विद्यार्थी चपला काढून आत यायचे.

त्याच सुमारास भावाने सुरतहून मुलांसाठी टीव्हीवरचा गेम आणला. किबोर्डवाला. दिसायला थेट कॉम्प्युटरसारखा, वर कॅसेट खोचायची फट. मुलं आठ दिवस गोळ्या झाडत बसली आणि मग त्यांनी तो टाकून दिला. भावजयीने उचलला. सातवी शिकलेली बाई, माहेर पाचोऱ्याकडचं. दुपारी सगळं आवरलं की ती टीव्हीसमोर बसायची. त्या कॅसेटमध्ये खेळांच्या शेवटी गाण्याचं एक पान होतं. पडद्यावर चौकटी यायच्या. चौकटीत खूण केली की आवाज, जितकी वर तितका बारीक. नाही केली की ते घर रिकामं. शेवटी एक बटण दाबलं की एक रेघ डावीकडून उजवीकडे सरकत जायची आणि खुणा वाजायच्या.

तिला सारेगम येत नव्हतं. तिने मुलांच्या गणिताची चौकटीची वही घेतली आणि पडद्यावर जे केलं ते फुल्या मारून उतरवलं. उतरवावं लागायचंच, कारण त्या गेमला काही लक्षात राहत नसे. बटण बंद केलं किंवा लाइट गेली की सगळं पुसलं. मग दुसऱ्या दिवशी वही उघडायची आणि पुन्हा एकेक घर भरायचं. दीड तास लागायचा. आणि धुळ्यात लाइट जायची ती विचारून जायची नाही.

हे सगळं मला कसं माहीत? भिंतीतून. आमच्याकडे जेठ आणि धाकटी भावजय एकमेकांशी बोलत नसत. जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, तो मी. मी आत गेलो की ती पदर ओढून पलीकडे. अकरा वर्षं एका छपराखाली राहून मी तिचा चेहरा नीट पाहिला नव्हता. याला सगळे मान म्हणत. मला त्या मानाबद्दल कोणी विचारलंच, तर आता दोन शब्द सुनावायची माझी तयारी आहे. पण तेव्हा मी तो मान खुर्चीसारखा वापरत होतो. बसायला बरा पडायचा.

तर भिंतीतून ती धून यायची. मशिनं बडवत बसलेल्या पोरींची बोटं तिच्या ठेक्यावर पडायला लागली, तेव्हा मी कान दिला. साधी होती. टीव्हीचा तो पिपाणीसारखा आवाज, पण चाल अशी की कोणीतरी डोक्यावर जड काही घेऊन, न हिंदकळता, पाय जपून टाकत चाललंय.

त्या उन्हाळ्यात जळगावला कॉम्प्युटर क्लासवाल्यांचं एक प्रदर्शन व्हायचं होतं. प्रत्येकाने काहीतरी करून दाखवायचं. मशीन तिकडेच मिळणार, आपण फक्त फ्लॉपी न्यायची. बाकीचे बिलं छापणार, कॅलेंडरं छापणार, हे मला ठाऊक होतं. कॉम्प्युटरमधून गाणं वाजवणारा मी एकटाच ठरलो असतो. मी मायला हाक मारली.

"माय, तिले विचार, ते गानं कॉम्प्युटरमा भरू का?"

भावजय चार हातांवर दाराआड होती. सगळं ऐकत होती. तरी मायने मान वळवून तिला ते जसंच्या तसं सांगितलं. दाराआडून उत्तर आलं, तेही मायलाच.

"त्यासले विचारा, बंद करं तरी राही का?"

"राही म्हना," मी मायला म्हणालो.

"बठ्ठं राही?"

"बठ्ठं राही."

माय वैतागली. "मी काय तुमनं टपाल शे का? भित बी ऐकी ऱ्हायनी, आन् मीच मधमा!"

बठ्ठं राही. सगळं राहील. हा माझा शब्द होता. तिने दुसरं काही मागितलं नव्हतं. नाव नाही, बक्षीस नाही. बंद केल्यावर पुसलं जाऊ नये, एवढंच.

वायर मीच तयार केली. एका टोकाला गेमच्या आवाजाची पिन, दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरच्या साउंड कार्डात बसणारी बारीक पिन, मध्ये तीस फूट वायर, झरोक्यातून आत सोडलेली. पहिल्या दिवशी मी ती माइकच्या भोकात खुपसली आणि आवाज फाटून चिंध्या झाल्या. मग बाजूचं भोक सापडलं. मग एक गुंई लागली, ती जाईना. शेवटी टीव्ही आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर घेतले तेव्हा गेली. मला या कामाचा अभिमान होता, अजून आहे. तेवढं माझं आहे, ते मी सोडणार नाही.

गोम अशी होती की आवाजाची पिन कॉम्प्युटरकडे आली की टीव्ही मुका. आत तिला फक्त सरकणारी रेघ दिसणार. आवाज माझ्याकडे, प्लायवूडच्या खोलीत. म्हणून आदल्या दिवशी मायमार्फत ठरलं: तिची तयारी झाली की तिने फुलपात्र फरशीवर एकदा आपटायचं. मी रेकॉर्डिंगचं बटण दाबून भिंतीवर एक ठोका द्यायचा. मग तिने सुरू करायचं.

सुरुवातीची खूण ठरली. शेवटाची कोणालाच सुचली नाही. शेवट तर ऐकू येईलच की, असं आम्हाला वाटलं.

त्या सकाळी माय आणि माझी बायको शेजारच्या गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला गेल्या. क्लासला सुट्टी. भाऊ कामावर. घरात आम्ही दोघंच, मध्ये निरोप्या नाही, म्हणजे बोलण्याचा प्रश्नच मिटला. दीड तास ती घरं भरत होती, मी पंखा बंद करून घाम पुसत होतो. फुलपात्र वाजलं. मी बटण दाबलं, ठोका दिला. धून सुरू झाली. माझ्या स्पीकरमधून, स्वच्छ, गुंईशिवाय. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

सव्वा मिनिटाने ती थांबली. मी मनात तीनपर्यंत मोजलं. मग बटण बंद केलं, पिन उपसली, आणि हौसेने रेकॉर्डिंग पहिल्यापासून वाजवलं, मोठ्या आवाजात, आत तिलाही कळावं म्हणून.

ते संपलं तसं आतून फुलपात्र वाजलं. एकदा. मग दोनदा. मग ठण ठण ठण, लागोपाठ. मला वाटलं, खूश झाली.

नंतर बांगड्यांचा आवाज दारापर्यंत आला. ती दाराशी येऊन उभी राहिली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यासमोर यायला निघाली होती. मी काय केलं? रीतीने वागलो. मान खाली घातली आणि पाठ फिरवली. ती क्षणभर थांबली असेल. मग बांगड्या परत गेल्या. दुपारी बारा वाजता लाइट गेली आणि तिने भरलेली सगळी घरं पुसली गेली.

इथपर्यंत चूक म्हणता येईल. आमच्यासारख्या घरातच होऊ शकेल अशी, पण चूक. यापुढे जे झालं त्याला मी चूक म्हणू देणार नाही, मग मला वाचवायला कोणीही पुढे येवो.

संध्याकाळी माय आली. "ती म्हनस, गानं अजून शे. पुरं व्हयनं नही. मधमा सात घरं रिकामी शेतस, त्याना पुढे अजून शे."

आता ती सात घरं कशाची, हे खानदेशातल्या माणसाला सांगावं लागू नये. श्रावणात कानबाई उठते. नारळाची देवी पाटावर मांडून बाया मिरवत नेतात. वाटेत घराघरासमोर पाट खाली ठेवतात, तो नेणारीच्या पायांवर पाणी घालतात, तेवढा वेळ गाणं बंद. पाट उचलला की पुन्हा सुरू, आणि मग चाल वाढते, बाया नाचायला लागतात. ती धून तिने तशी बांधली होती. सात रिकामी घरं म्हणजे पाट खाली आहे. मी पाट खाली असतानाच बटण बंद केलं होतं. मायने सांगितलं त्या क्षणी मला ते समजलं. मी काही परदेशी माणूस नव्हतो.

आणि मी मायला म्हणालो, "तिले सांग, फ्लॉपी भरी गई."

"ती काय कोठी शे का, भरी जावाले?"

"तशीच समज."

फ्लॉपी भरली नव्हती. त्या हलक्या दर्जाच्या आवाजात तिच्यात दोन मिनिटं आरामात बसत होती. अख्खी धून दोन मिनिटांच्या आतच होती. मला हे पक्कं माहीत होतं. पण पुन्हा दीड तास घरं भरायची, पुन्हा वायर, पुन्हा लाइटची वाट, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची जळगावची बस. ही झाली वरवरची कारणं. खरं कारण असं की मायच्या तोंडून धाकट्या भावजयीने मला 'चुकलात' म्हणावं, हे मला सोसलं नाही. कॉम्प्युटर माझा होता. कुठे संपतं ते मी ठरवणार होतो.

जळगावला हॉलमध्ये केळीच्या बागायतदारांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत गर्दी होती. माझ्या टेबलापाशी सगळ्यात जास्त. परीक्षक म्हणून आलेल्या प्राध्यापकांनी धून दोनदा ऐकली.

"कुणाची आहे?" त्यांनी विचारलं.

"माझी."

"शेवट छान केलात. एकदम तोडलंत. पुढे काहीतरी आहे असं वाटत राहतं."

मी मान डोलावली. शेवटाबद्दल माझं कौतुक झालं, आणि मी ते घेतलं.

ढाल मिळाली. धुळ्याच्या पेपरात फोटो आला. कात्रण फ्रेम करून मी क्लासमध्ये लावलं आणि जूनमध्ये चपला ठेवायला जागा पुरेना. भाऊ एकदा फ्रेमसमोर उभा राहिला, हात ग्रीसने काळे, म्हणून त्याने ते पाठीमागे बांधलेले.

"भाऊ, हे तर घरातलं शे ना?"

"घरातलंच आहे. म्हणून तर घराच्या भिंतीवर लावलं."

तो तसाच आत गेला. बायको मात्र बोलली. "तिच्या हातावर पेढा तरी ठेवायला सांगा." पेढा मायमार्फत आत गेला आणि मायमार्फतच परत आला.

आणि मग ती सुरू झाली. रोज दुपारी तीन वाजता, माझा कॉम्प्युटरचा वर्ग भरला की भिंतीपलीकडे टीव्हीचा आवाज शेवटच्या टोकाला. अख्खी धून. सव्वा मिनिट, मग सात घरं शांत, मग पाट उचलला. ती वाढलेली चाल, आमच्या तक्त्याच्या काचेला थरथर आणणारी. रोज. म्हणजे रोज ती दीड तास आधी बसून घरं भरत होती, एवढ्यासाठी. मायकडून निरोप पाठवला, आवाज कमी कर. माय परत आली. "ती म्हनस, भित जाड करा."

मी खिडक्या लावल्या. ती थांबली नाही. आज मला वाटतं, आमच्या त्या घरात त्या वर्षी जर कोणी ताठ उभं होतं, तर ती पडद्यासमोर मांडी घालून बसलेली बाई होती.

एके दिवशी एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, ही तुमचीच धून ना? पण ही तर पुढे पण आहे."

पंधरा-वीस जणं माझ्याकडे बघत होती. भिंत पातळ होती, वीतभरही नसेल. मी म्हणालो, "घरातल्या पोरांनी पुढे काहीतरी जोडलंय. चुकीचं आहे ते."

भिंतीपलीकडे धून वाजत होती. त्या दिवशी ती शेवटापर्यंत गेली नाही. मध्येच बंद झाली. सात घरांपाशी नाही, त्याच्या खूप आधी.

दुसऱ्या दिवशी वाजली नाही. नंतर कधीच नाही. घरात सांगितलं गेलं, गेम जळला. जळला असेलही. मी विचारलं नाही.

एका विद्यार्थ्याचे वडील बँडवाले. त्यांनी माझ्या फ्लॉपीवरून धून उचलली. ती तुटते तिथे लोक गोंधळायचे, म्हणून त्यांनी टाळी घातली. मग वरातींत गेली, मग गणपतीत, आणि मग व्हायचं तेच झालं, कानबाईच्या मिरवणुकीत शिरली. जिच्या चालीवरून बांधली तिच्याकडेच, अर्धी होऊन. दर श्रावणात आमच्या दारावरून जायची. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसायचो. लोक नमस्कार करायचे. भावजय दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची. धून तुटायची, टाळी पडायची. इतकी वर्षं.

गेल्या श्रावणात मिरवणूक पुढे गेल्यावर ती आत गेली नाही. ओट्यावर आली. माय जाऊन कितीतरी वर्षं झाली, आता मध्ये टपाल उरलेलं नाही. कसलीही हाक न मारता, रस्त्याकडे बघत ती म्हणाली, "अजून बी तठेच बंद पडस." अजूनही तिथेच बंद पडते.

मी पाठ फिरवली नाही. एवढंच त्या दिवशी जमलं.

आठ दिवसांनी मी तिच्या खोलीच्या दाराशी गेलो आणि वही मागितली. फ्लॉपी भरली नव्हती हे सांगितलं. विद्यार्थ्यांना काय म्हणालो होतो तेही सांगितलं.

"ते ऐकू उनं व्हतं," ती म्हणाली. ऐकू आलं होतं. "फ्लॉपीचं नव्हतं माहीत."

मी म्हणालो, मला माफ कर. ती म्हणाली, माफीचं नंतर बघू, आधी गाणं पुरं करा. वही मात्र तिने दिली नाही. वही घेऊन ती स्वतः आली, माझ्या कॉम्प्युटरपाशी, माझ्या शेजारच्या खुर्चीवर, पदर खांद्यावर. मुलाने असा एक प्रोग्राम शोधून दिला ज्यात तशाच चौकटी आहेत आणि आवाजही तसाच पिपाणीसारखा. तीन दुपारी आम्ही बसलो. ती वहीतून सांगायची, मी घरं भरायचो. माझं बोट जड झालंय, एकाऐवजी दोन खुणा पडतात.

"ते रिकामं शे. बोट उचला."

"उचललं."

"उचलं नही. टायपिंग शिकाडत व्हतात ना?"

भाऊ खाटेवरून हसत होता. सात रिकाम्या घरांपाशी आलो तेव्हा तिने बोटाने एकेक मोजलं. मग पुढची फुल्यांची गर्दी. तीही भरली. आम्ही बटण दाबलं. रेघ सरकली, थांबल्यासारखी झाली, आणि पाट उचलला गेला. तिने मला बंद करायला लावलं, कॉम्प्युटर पूर्ण बंद, आणि पुन्हा सुरू. धून होती. तिने मान हलवली.

मी म्हणालो, आता मी हे सगळं लिहितो, तुझं नाव घालून. त्यावर ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "मनं नाव देनारा तुमी कोन? मनं मी सांगसू." माझं नाव मी सांगेन. म्हणून या लिखाणात तिचं नाव नाही. तो माझा मोठेपणा नाही की जुनी रीतही नाही. तो तिचा हुकूम आहे, आणि या वयात मी एवढा एक पाळणार आहे.

या श्रावणात मिरवणूक आमच्या दाराशी आली. पाट खाली ठेवला, धून तुटली, टाळी पडली. बँडचा मास्तर मला नमस्कार करायला ओट्याकडे वळला. भावजयीने तांब्या खाली ठेवला आणि त्याच्यापुढे मोबाइल धरला.

"याना पुढे शे. हाई ऐक. आन् बठ्ठं वाजाड."

मास्तर गोंधळला. "पण काकू, ही तर सरांची धून."

"त्यासनी नही. मनी शे."

जळगावात मी जो शब्द म्हणालो होतो तोच, आमच्या बोलीत. गल्लीतल्या सगळ्या बाया ऐकत होत्या, सगळे पुरुष माझ्याकडे बघत होते. मास्तरही बघत होता, मी काय म्हणतो म्हणून.

"तिचीच आहे," मी म्हणालो. "मी चोरली होती. वाजव."

त्याने मोबाइल कानाला लावून दोनदा ऐकलं. क्लॅरिनेटवाल्याला बोलावलं, तोंडाने चाल सांगितली. पहिल्यांदा जमली नाही. पाट खालीच होता, बाया थांबून होत्या. दुसऱ्यांदा अर्धीमुर्धी जमली. तेवढ्यावर बायांनी पाट उचलला.